डिझेल की पेट्रोल: मामांच्या गाडीच्या हिशेबाच्या नोंदी

१० ऑगस्ट २०२५, रविवार

काम हातात घेतलं. बार्शीच्या मामांची २०१३ ची स्विफ्ट डिझेल आता बदलायची आहे आणि मामींची इच्छा आहे की नवी गाडी दसऱ्याला दारात यावी. मामांची मार्केट यार्डात आडत आहे. तूर, सोयाबीन, ज्वारी यांच्या मागे सोलापूर, लातूर आणि पुण्याच्या चकरा असतात. त्यांचं ठरलेलंच आहे: "डिझेलच घ्यायची. एवढं रनिंग असल्यावर पेट्रोल परवडतंय व्हय आपल्याला?"

मी म्हटलं, "मामा, परवडतं का नाही ते मी मांडून दाखवते. मग तुम्ही ठरवा." मी चाकणच्या एका कारखान्यात कॉस्टिंग बघते. एका नट-बोल्टची किंमत चार ठिकाणी तपासायची आमची पद्धत, आणि घरातली अकरा-बारा लाखांची वस्तू मात्र "सगळे तसंच म्हणतात" यावर घेतली जाते, हे मला पटत नाही.

याच शीटवर दुसरा हिशेब ताईचा करायचा आहे. ती पुण्यात शिक्षिका आहे, शाळा घरापासून चार किलोमीटरवर. तिचे यजमान म्हणतात, मामा डिझेल घेतात तर आपणही घेऊ. म्हणजे गाडी एकच आणि वापर अगदी उलटा. दोन्ही रकाने शेजारी शेजारी ठेवणार आहे.

गाडी: चार मीटरच्या आतली एसयूव्ही, एकाच मॉडेलची दोन इंजिनं. पेट्रोल १.२ लिटर टर्बो, डिझेल १.५ लिटर. नाव लिहीत नाही, कारण या वर्गातल्या कुठल्याही गाडीला हीच रीत लागू पडते. गाडी आठ वर्षं ठेवायची असं धरलं आहे.

१३ ऑगस्ट, बुधवार

मामांनी डायरीच्या पानांचे फोटो पाठवले. प्रत्येक वेळी टाकी फुल्ल करून तारीख, लिटर आणि मीटरचं रीडिंग लिहिलेलं. आडत्याच्या घरी रोजमेळ लिहायची सवय असते, तिचा हा फायदा. अलीकडची वर्षं पाहिली तर रनिंग वर्षाला साधारण २४,००० किलोमीटर भरतं.

ही डायरी नसती तर अंदाजावर भागवावं लागलं असतं. लोक रनिंग सांगताना लांबचे प्रवास आठवून सांगतात आणि गाडी उभी असलेले दिवस विसरतात. ज्याला हा हिशेब करायचा आहे त्याने आधी दोन सर्व्हिस बिलं शोधावीत. दोन्हींवर किलोमीटर आणि तारीख छापलेली असते, वजाबाकी केली की काम झालं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी होती, खरेदीचा रकाना भरला. शोरूमच्या कोटेशनप्रमाणे (गोल आकडे) पेट्रोल ९,९०,०००, डिझेल ११,००,०००. फरक १,१०,०००. बहुतेक जण इथेच थांबतात.

पण महाराष्ट्रात वैयक्तिक गाडीचा एकरकमी कर इंधनावर ठरतो आणि किमतीच्या टप्प्यावरही. पेट्रोलला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२. डिझेलला तेच १३ आणि १४. आपली पेट्रोल गाडी १० लाखांच्या आत राहते आणि डिझेल वर जाते. म्हणून ११ टक्के विरुद्ध १४ टक्के.

पेट्रोल: ९,९०,००० + १,०८,९०० = १०,९८,९००
डिझेल: ११,००,००० + १,५४,००० = १२,५४,०००

खरा फरक १,५५,१००. निव्वळ आरटीओच्या टेबलावर पंचेचाळीस हजार वाढले.

विम्यात विशेष नाही. थर्ड पार्टीचा हप्ता इंजिनच्या सीसीवर असतो आणि १००० ते १५०० सीसीत दोन्ही गाड्या बसतात, तीन वर्षांचे १०,६४० दोघींनाही सारखेच. स्वतःच्या गाडीच्या विम्यात किंमत जास्त म्हणून डिझेलला वर्षाला हजारेक जादा.

आज लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी करण्याची घोषणा झाली, दिवाळीपर्यंत म्हणतात. मामांना लगेच फोन करून सांगितलं की बुकिंगचे पैसे अजून भरू नका.

१७ ऑगस्ट, रविवार

आजचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून सविस्तर लिहिते.

ॲव्हरेज कंपनीच्या कागदावरचं घेतलं नाही. हेच मॉडेल चालवणाऱ्या दोन ओळखीच्यांना टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल मोजायला सांगितलं होतं. हायवे आणि गाव मिळून पेट्रोलचं १४, डिझेलचं १९ आलं. सध्या पंपावर येणारं पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं आहे. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणून अशा मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या मानाने सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. माझे १४ याच पेट्रोलवर मोजलेले आहेत, तेव्हा त्यातून पुन्हा काही वजा करायचं नाही. आमच्या भागातल्या साखर कारखान्यांना आणि उसाला इथेनॉलचा आधार आहे, तो महत्त्वाचा आहेच. पण गाडीच्या हिशेबात खरं ॲव्हरेज लिहिलं पाहिजे.

दर: पेट्रोल १०५, डिझेल ९१ धरले.

पेट्रोल १०५ ÷ १४ = ७.५० रुपये किलोमीटरला
डिझेल ९१ ÷ १९ = ४.७९ रुपये
बचत २.७१ रुपये

आता ही २ रुपये ७१ पैशांची बचत येते कुठून, ते फोडून पाहिलं. डिझेलही १०५ रुपयांनीच मिळालं असतं तर? १०५ ÷ १९ = ५.५३. तरीही बचत १.९७. म्हणजे १ रुपया ९७ पैसे इंजिनाचे आहेत आणि दराच्या फरकाचे फक्त ७४ पैसे.

हाच प्रयोग २०१२ च्या दरांवर केला. त्या वर्षी मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३.१८ झालं होतं आणि डिझेल ४०.९१ होतं. तेच १४ आणि १९ धरले तर बचत ३.०७ येते. त्यातले इंजिनाचे १.३८ आणि दराचे १.६९. म्हणजे तेव्हा निम्म्याहून जास्त बचत सरकारने डिझेलचे भाव धरून ठेवले म्हणून होती. पेट्रोल जून २०१० मध्ये नियंत्रणमुक्त झालं, डिझेल ऑक्टोबर २०१४ मध्ये. मधल्या चार वर्षांत देशभर डिझेल गाड्यांची रांग लागली आणि "डिझेल म्हणजे स्वस्त" हे डोक्यात पक्कं बसलं. मामांची स्विफ्ट त्याच काळातली.

आजचा चौदा रुपयांचा फरकही तपासला. केंद्राचं उत्पादन शुल्क पेट्रोलवर २१.९० आणि डिझेलवर १७.८०, म्हणजे ४.१० चा फरक. राज्याचा व्हॅट पेट्रोलवर २५ टक्के अधिक ५.१२ रुपये, डिझेलवर २१ टक्के, त्यातून नऊ रुपयांच्या वर फरक. म्हणजे चौदातले तेरा रुपये करांचे. कर काढले तर दोन्ही इंधनं जवळपास एका भावाची आहेत. एखाद्या अर्थसंकल्पात हा फरक पुसला जाऊ शकतो, पण १.९७ कुणी काढून घेऊ शकत नाही. डिझेलच्या लिटरमध्ये मुळात ऊर्जा जास्त असते, आणि इंजिन ती जास्त दाबावर, ठिणगीशिवाय, कमी वाया घालवत वापरतं.

मला हेच मामांना सांगायचं आहे. भावाकडे बघून डिझेल घेऊ नका, इंजिनाकडे आणि स्वतःच्या रनिंगकडे बघून घ्या.

२४ ऑगस्ट, रविवार

गणपती तीन दिवसांवर. तरी दुपारी वेळ काढून मामांच्या नेहमीच्या मेकॅनिककाकांशी फोनवर बोलले. त्यांचं म्हणणं नीट उतरवून ठेवते, कारण कोटेशनमध्ये हे कुठेच लिहिलेलं नसतं.

जुन्या स्विफ्टचं १.३ लिटरचं इंजिन मूळ फियाटचं. सोसणारं होतं, कसंही चालवा. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक नियम, आल्यावर डिझेल बंदच केलं. बीएस-६ च्या डिझेल गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ असतो, म्हणजे काजळी अडवणारी जाळी. ती भरत आली की गाडी स्वतःच तिचं तापमान वाढवून काजळी जाळून टाकते. त्यासाठी गाडी काही वेळ न थांबता बऱ्या वेगात पळावी लागते. रोज तीन-चार किलोमीटर जाऊन बंद करणाऱ्याची जाळी कधी जळतच नाही. दिवा लागतो, लोक दुर्लक्ष करतात. वर काजळी जाळण्यासाठी सोडलेलं जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. जाळी कायमची चोंदली तर खर्च लाखाच्या घरात जातो असं काकांचं म्हणणं.

"तुझ्या मामाला काय धोका नाही," ते म्हणाले. "हप्त्यातनं एकदा पुणं नाहीतर लातूर हायच. पण यार्डात जायला तेवढी गाडी काढू नको म्हणावं."

घर ते यार्ड तीन किलोमीटर. मामा स्कूटर वापरायला तयार आहेत. शीटमध्ये हे लिहून ठेवलं.

एक गोष्ट मात्र उलटी निघाली. शहरात पेट्रोलचं आणि डिझेलचं, दोन्हींचं ॲव्हरेज उतरतं. ११ आणि १४.५ धरले तर किलोमीटरला बचत ३.२७, हायवेपेक्षाही जास्त. "डिझेल हायवेसाठी" असं जे म्हणतात ते इंधनाच्या बचतीमुळे खरं ठरत नाही. शहरात किलोमीटर कमी होतात आणि जाळी चोंदते म्हणून खरं ठरतं.

सर्व्हिसला डिझेलला वर्षाला साडेतीन हजार जादा धरले: ऑइल जास्त लागतं, डिझेल फिल्टर महाग, ज्या गाडीत डीईएफ (धूर स्वच्छ करणारं द्रावण) लागतं तिथे तेही. विम्याचे हजार मिळून वर्षाला साडेचार हजार.

४ सप्टेंबर, गुरुवार

काल रात्री जीएसटी परिषदेचा निर्णय आला. २२ सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांवर १८ टक्के, वरचा सेस (अधिभार) नाही. "छोटी" म्हणजे चार मीटरपर्यंत लांब आणि पेट्रोल १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत. आपल्या दोन्ही गाड्या बसतात.

आतापर्यंत या वर्गात पेट्रोलला २८ अधिक १ असे २९ टक्के होते आणि डिझेलला २८ अधिक ३ असे ३१. आता दोघांना १८. डिझेलवरचा जादा भार गेला. सगळी कपात ग्राहकाला मिळेल असं धरून पुन्हा मांडलं:

पेट्रोल ९,०५,६०० + कर ११ टक्के ९९,६०० = १०,०५,२००
डिझेल ९,९०,८०० + कर १३ टक्के १,२८,८०० = ११,१९,६००

डिझेल १० लाखांच्या खाली आल्यामुळे आरटीओचा टप्पाही बदलला. फरक १,५५,१०० वरून १,१४,४०० वर. एका निर्णयाने चाळीस हजार. चार मीटरपेक्षा लांब डिझेल गाडीला ४० टक्के लागणार, तिचा हिशेब वेगळा. हे आकडे तिला लावू नयेत.

मामा रोख देणार आहेत. तरी व्याज धरलं, कारण आडतीत पैसा फिरता असतो आणि गाडीत अडकला तर तिकडे कमी पडतो. ९ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता मांडला की १,१४,४०० चे सुमारे १,४२,६०० होतात. त्यात आठ वर्षांचे साडेचार हजारप्रमाणे ३६,०००. एकूण १,७८,६००. भागिले आठ वर्षं, भागिले २.७१. समतोल, म्हणजे डिझेलचा जादा खर्च आणि बचत जिथे सारखे होतात ते रनिंग, वर्षाला सुमारे ८,२०० किलोमीटरवर येतो. जुन्या जीएसटीत तोच १०,६०० च्या जवळ होता.

हे पाहून मलाही थांबावं लागलं, कारण सगळीकडे "महिन्याला दीड हजार किलोमीटर असेल तरच डिझेल" असं सांगतात. तो आकडा कुठून आला असेल? पेट्रोल म्हणून जड टर्बो एसयूव्हीऐवजी १७ चं ॲव्हरेज देणारी साधी गाडी धरली, तर बचत २.७१ वरून १.३९ वर येते आणि समतोल वर्षाला १६,००० वर जातो. तशी गाडी स्वस्तही असते, त्यामुळे अजून वर. म्हणजे दीड हजारांचा नियम चुकीचा नाही, तो दुसऱ्या गाड्यांच्या जोडीचा आहे. तुलना कुणाशी करतो आहोत ते आधी लिहून काढायला हवं.

१४ सप्टेंबर, रविवार

ताई घरी आली होती. तिचा रकाना: वर्षाला फार तर ५,०००, सगळं शहरात. बचत ३.२७ प्रमाणे १६,३५०, वजा ४,५००, राहिले ११,८५०. आठ वर्षांत ९४,८००. डिझेलसाठी जादा मोजायचे १,४२,६००. पेट्रोल जवळपास अठ्ठेचाळीस हजारांनी पुढे, आणि जाळीचा घोर नाही तो वेगळाच.

"म्हणजे मामांचं बरोबर आणि आमच्या ह्यांचं चूक?" ताईने विचारलं. मी तिला दोन्ही रकाने दाखवले. भावजींनी पाहिले आणि मान्य केलं. आता ते सीएनजी बघतायत. त्यावरचा राज्याचा कर १ जुलैपासून एक टक्का वाढून १० लाखांपर्यंत ८ टक्के झाला, तरी तिघांत तोच कमी. तिच्या रनिंगला मात्र मला साधी छोटी पेट्रोल पुरेशी वाटते, आणि डिकीही मोकळी राहते.

२१ सप्टेंबर, रविवार, सर्वपित्री अमावास्या

पितृपक्षात शोरूम रिकामंच होतं. उद्या घटस्थापना आणि उद्याच नवे दर.

मामांना अजून एक गोष्ट सांगितली, पुढच्या विक्रीची. दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांचं काय होतंय ते सगळे पाहतायत. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारवाईला तूर्त आडकाठी केली आहे. मुंबई महानगरातही फक्त सीएनजी आणि विजेच्या गाड्या ठेवता येतील का, याच्या अभ्यासासाठी राज्याने जानेवारीत समिती नेमली. बार्शीत आज काही बंदी नाही, नोंदणी पंधरा वर्षांची. पण आठ वर्षांनी गाडी विकायला काढू तेव्हा पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक डिझेलला जादा पैसे देईल, हे मी धरलेलं नाही. शीटमध्ये दोन्ही गाड्यांची विक्री सारखीच ठेवली आहे. तरीही २४,००० च्या रनिंगला डिझेलचे जादा पैसे अडीच वर्षांच्या आत वसूल होतात.

मामा म्हणाले, "मग दसऱ्याचं पक्कं."

२८ सप्टेंबर, रविवार

पक्कं राहिलं नाही. सीनेला महापूर आला. माढा, मोहोळ, करमाळा पाण्याखाली, बार्शी तालुक्यातही ओढे फुटून रानं वाहून गेली. सोयाबीन काढणीला आलेलं होतं, ते जागेवर कुजतंय.

मामांनी बुकिंग थांबवलं. "शेतकऱ्याचं पीक पाण्यात आणि आडत्याच्या दारात हार घातलेली गाडी. मला न्हाई जमायचं." मामी काही बोलल्या नाहीत. पूरग्रस्तांसाठी डब्यांचं आणि धान्याचं काम चालू आहे, त्या तिकडे गेल्या.

हिशेबाच्या बाजूनेही याचा अर्थ आहे आणि तो टाळून चालणार नाही. माल कमी येणार, म्हणजे फेऱ्या कमी. २४,००० हा चांगल्या वर्षांचा आकडा होता. डायरीतल्या दुष्काळी वर्षांकडे पुन्हा पाहिलं आणि मामांशी बोलून वाईट वर्षासाठी १४,००० धरले.

१४,००० × २.७१ = सुमारे ३७,९००, वजा ४,५००, राहिले ३३,४००. १,४२,६०० वसूल व्हायला सव्वाचार वर्षं. आठच्या आत आहे. निर्णय बदलत नाही, फक्त घाई उरली नाही. जुनी स्विफ्ट अजून चालते.

९ नोव्हेंबर, रविवार

मामांनी परवा गाडी आणली. डिझेल. मुहूर्त नाही, पेढे फक्त घरातल्यांना. कोटेशन शीटशी हजार-पाचशेच्या फरकाने जुळलं. ताईचं अजून चालू आहे, पण डिझेल तिच्या यादीतून गेलं.

मामांनी नव्या गाडीची नवी डायरी घातली आहे, पहिल्या पानावर रीडिंग आणि फुल्ल टाकीचे लिटर. मी शीटमध्ये एक शेवटचा तपास जोडला: गाडीने १९ दिलं नाही तर? वाईट वर्षाचं १४,००० धरून १६ पर्यंत उतरलं, तर किलोमीटरला बचत १.८१ राहते आणि पैसे सातव्या वर्षात वसूल होतात. १५ ला ते नवव्या-दहाव्या वर्षावर जातात, म्हणजे आपल्या मुदतीबाहेर. १६ च्या ओळीला लाल रंग दिला आहे आणि पहिल्या सर्व्हिसनंतर डायरीचा फोटो पाठवायला मामांना सांगितलं आहे.